शोध कोणत्या अटीवर बाहेर पडतो?

विद्यापीठाचं मूल्यमापन करताना हल्ली एक आकडा हटकून विचारला जातो: तुमच्या प्राध्यापकांनी स्टार्टअप किती काढले? हैदराबादेत सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेपासून पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेपर्यंत अशा स्टार्टअपना आधार देणारे इनक्युबेटर उभे राहिले आहेत, आणि ते हवेच आहेत. संशोधनाने बाजाराची सावलीही अंगावर पडू देऊ नये, हा सोवळेपणा परवडणारा नाही. हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या सरकारी प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन संस्थेत मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस बनत असे. पोटात टोचून घ्यावी लागणारी ही जुन्या पद्धतीची लस, पेशींवर वाढवलेली अधिक सुरक्षित लस आल्यानंतरही, देशात 2004 पर्यंत चालू होती. संस्था सरकारी असली की लोकहित आपोआप साधतं, असं नाही.

पण ‘शोध ज्याचा, कंपनी त्याची, तरच संशोधन लोकांपर्यंत पोचतं’ हा दावा मात्र नीट तपासायला हवा, कारण धोरणं आता त्यावर बेतली जात आहेत. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये हेपटायटिस बीची स्वदेशी लस आणली. तिचं काम उस्मानिया विद्यापीठात सुरू झालं, पुढे सीसीएमबीच्या आधाराने वाढलं. कंपनी काढणारे वरप्रसाद रेड्डी मात्र अभियंता होते. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या रोटाव्हॅक या लसीची गोष्ट याहून बोलकी आहे. 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांच्या विष्ठेत रोटाव्हायरस सापडत होता, पण बाळांना जुलाब नव्हते. बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान यांच्या गटाने त्या निरुपद्रवी विषाणूत लस पाहिली. भान यांनी कंपनी काढली नाही. सरकारी खातं, परदेशी संस्था आणि भारत बायोटेक यांनी मिळून ते काम पुढे नेलं. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरच्या सुमारे 6,800 बाळांवर अखेरची चाचणी झाली. तीस वर्षं थांबणारा गुंतवणूकदार कुठल्या प्राध्यापकाला मिळाला असता? शिवाय जो चांगला निरीक्षक तोच चांगला उद्योजक, हे गृहीत धरायला आधार काय? प्राध्यापकाने कंपनी काढू नये असं मी म्हणत नाही. ती काढणं हीच पोचण्याची खूण मानू नये, एवढंच म्हणतो.

मालक कोण, यापेक्षा सार्वजनिक पैशातून झालेला शोध कोणत्या अटीवर बाहेर पडला, हे मला निर्णायक वाटतं. अटी दोन जातींच्या असतात: परतावा मागणाऱ्या आणि वागणूक बांधणाऱ्या. रोटाव्हॅकमागे मात्रा एका डॉलरला देण्याचं वचन होतं. त्याने वागणूक बांधली. भारत बायोटेकच्याच कोव्हॅक्सिन या कोविड लसीसाठी पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेने विषाणू वेगळा केला आणि तिची पालक संस्था आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी ठरली; एप्रिल 2021 मध्ये तीच लस राज्यांना 600 आणि खासगी रुग्णालयांना 1,200 रुपयांना जाहीर झाली. महामारीत कंपनीने मोठी जोखीम घेतली होती, हे खरं. पण रॉयल्टी किमतीला लगाम घालत नाही, उलट किंमत वाढली की तीही वाढते, आणि सरकारी संस्था नकळत महागाईची भागीदार होते. अटी घातल्या तर गुंतवणूकदार पळतील, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचं उत्तरही रोटाव्हॅकमध्येच आहे: तिथे सार्वजनिक आणि दानाचा पैसा चाचण्या संपेपर्यंत सोबत राहिला, म्हणून अट पेलली. बीजभांडवल देऊन हात झटकणाऱ्या संस्थेला किमतीबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही. सार्वजनिक निधीतून झालेल्या शोधांसाठी 2008 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, त्यात मालकी आणि वाटणीचाच विचार प्रबळ होता. ते पुढे मागे घेतलं गेलं. नवा मसुदा होईल तेव्हा किंमत, पुरवठा आणि दुसऱ्या उत्पादकाला तंत्र देण्याची तरतूद करारातच यायला हवी, तीही चाचण्या सुरू होण्याआधी, कारण त्यानंतर संशोधन संस्थेच्या हातात मागण्यासारखं फारसं काही राहत नाही.