जामखेडची श्रीमंती

योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो आणि माणसांना विपुल जीवन मिळावे म्हणून आपण आलो, असे सांगतो. टीव्हीवरच्या प्रचारकांनी या विधानाचा पार बाजार मांडला आहे. देणगी द्या, दसपट परत मिळेल. बंगला, व्हिसा, धंद्यात बरकत, सगळे त्यातच. याला विटलेले लोक दुसरे टोक गाठतात. त्यांच्या लेखी ख्रिस्ती जीवन म्हणजे त्याग आणि सोसणे. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात, ते जामखेडमुळे.

राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि जबलपूरच्या मेबल हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९६० मध्ये लग्न झाले तेव्हाच दोघांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचा संकल्प केला होता. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात ते रुजू झाले. तिथे हॉस्पिटल भरलेले असे, पण बरी होऊन गेलेली माणसे तेच आजार घेऊन पुन्हा दारात येत. जुलाब, धनुर्वात, कुपोषण; शिवाय बाळंतपणातले मृत्यू. यातले बहुतेक टाळता येण्याजोगे. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये दोघे त्याच जिल्ह्यातल्या जामखेडला आले. तालुका दुष्काळी, रस्ते जेमतेम.

इथवरची गोष्ट त्यागाची म्हणून सहज सांगता येते. आपल्याकडे अशा माणसांना ‘त्यागमूर्ती’ म्हणायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि घरी जायचे, अशी रीतच आहे. (त्याग दुसऱ्याने केला की आपण मोकळे!) पण आरोळे दांपत्याने सोडलेली खरी अवघड गोष्ट पैसा नव्हती. शिकलेल्या नर्स गावात मुक्कामाला राहीनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवायचे ठरले. त्यातल्या बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या नियमाने जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि शिकून परत जात. बाळंतपण करणे, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, बाळाच्या वजनाची नोंद ठेवणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, हे सारे त्यांच्या हाती आले. आपल्या समाजात डॉक्टरची पत टिकते ती त्याला ठाऊक असलेले इतरांना ठाऊक नसते म्हणून. ती पत या दोघांनी आपणहून वाटून टाकली.

जातीपुढे तर उपदेशाचा उपयोगच नव्हता. पाण्यासाठी कूपनलिका घ्यायची ती दलित वस्तीत, असा आग्रह त्यांनी धरला. ज्याला पाणी हवे, त्याने तिथे जावे.

परिणाम आकड्यांत दिसतो. सुरुवातीला जामखेडच्या आसपासच्या गावांत हजार जन्मांमागे १७५च्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत हे प्रमाण ३०च्या आत आले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज देशभर काम करणाऱ्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कल्पनेमागे ज्या प्रयोगांची नावे घेतली जातात, त्यांत जामखेड आहे. आशाताईंना पुरेसे मानधन देण्याच्या बाबतीत मात्र सरकारला औदार्य सुचलेले नाही.

ख्रिस्ती सेवा म्हटले की धर्मांतराची शंका येते, आणि ती हवेतून आलेली नाही. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळतात, असा वाद १८९३ मध्ये पेटला आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. श्रद्धा ही मदतीची किंमत होत असेल तर ती सेवा नव्हे, सौदा आहे, असे माझे मत आहे. पण रमाबाईंच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात नुसते अन्न-वस्त्र मिळाले नाही. त्या विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले. १९२४ मध्ये ते पूर्ण ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकार देतो, कारण गुरू खाली बसला की शिष्याला आपली जागाही बदलावी लागते. सेवेतला हा भाग आपण विसरतो. देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा हात जोडून खाली, अशी रचना कायम राहिली तर कितीही अन्नदान करा, विपुल काहीच होत नाही. घेणाऱ्याच्या हाती कसब येते, बोलायचे बळ येते, देणाऱ्याची गरज कमी होते, तेव्हा दोघांचेही जीवन वाढते. आरोळे दांपत्याला मी म्हणूनच श्रीमंत म्हणतो. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचे काम चालू राहिले.

दिवाळीत आपल्यापैकी अनेकजण एखाद्या संस्थेला देणगी देतात. यंदा चेक लिहिण्याआधी एक चौकशी करा. ज्यांच्यासाठी ही संस्था चालते, त्यांच्यातली किती माणसे तिथे निर्णय घेणाऱ्यांत बसतात? उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर चेक जरूर द्या, पण सोबत हा प्रश्नही लेखी द्या.