दारावर आलेला कारागीर



प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने गावोगावी पाठवले, तेव्हा त्यांना काही साध्या सूचना दिल्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात त्या आपल्याला वाचायला मिळतात. कोणत्याही घरात शिरताना आधी त्या घराला शांती चिंता. घरचे देतील ते खा-प्या. काम करणारा मजुरीला पात्र आहे. हा उतारा वाचताना आपल्या डोळ्यांसमोर धर्मगुरू आणि प्रचारक येतात. मला मात्र अलीकडे तो वाचताना हातात पिशवी घेऊन आपल्या दारात उभा राहणारा वायरमन, प्लंबर, फ्रीज दुरुस्त करणारा मुलगा आठवतो. तोही परक्या घरात पाऊल टाकतो. त्याच्यासाठीही कोणीतरी दार उघडते.

आपल्या चर्चमध्ये या दोन्ही बाजूंची माणसे एकाच बाकावर बसतात. काही घरांत कारागीर बोलावले जातात, तर काही घरांतील मुले आय.टी.आय. करून तेच काम करतात. म्हणून आज दोघांशीही बोलायचे आहे.

प्रथम आपल्या सातारा जिल्ह्यातील एक घटना आठवू या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील शाळेत घातले गेले. पुढच्या वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्यात, ते भावंडांबरोबर नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांना भेटायला निघाले. मुलांनी चांगले कपडे घातले होते, जवळ पैसेही होते. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी भाडे दुप्पट ठरले. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असा सौदा झाला. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली.

या व्यवहारात पैसा चुकता झाला, किंबहुना दुप्पट झाला. माणूस मात्र तहानलेला राहिला. सेवा आणि मोबदला यांची देवाणघेवाण पूर्ण होऊनही अन्याय होऊ शकतो, हे त्या लहान मुलांनी अनुभवले. म्हणूनच सौजन्य ही वरवरची रीतभात नाही. ते न्यायाचेच एक अंग आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी सांगितले की, माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. आपण कारागिराला कामासाठी बोलावतो, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याच्याकडे फक्त दोन हात म्हणून पाहणे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी परिपत्रक लिहिले, त्याचा गाभाही हाच आहे. कामाची प्रतिष्ठा काम किती मोठे यावर ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावर ठरते. नाझरेथच्या लोकांनी येशूला ‘सुतार’ म्हटले ते त्याला कमी लेखण्यासाठीच. आज आपण त्याच सुतारापुढे गुडघे टेकतो.

मग घरमालक म्हणून आपण काय करावे? कारागिराला नावाने हाक मारावी. वयाने मोठा असेल तर ‘दादा’, ‘काका’ म्हणावे. ‘ए वायरमन’ म्हणून ओरडू नये. न मागता पाण्याचा तांब्या पुढे करावा. पंख्याखाली आपण बसतो आणि तो मे महिन्याच्या उन्हात गच्चीवरच्या टाकीपाशी उभा असतो, हे ध्यानात ठेवावे. काही घरांत अजूनही कामगाराचा कप वेगळा ठेवलेला असतो. बंधु-भगिनींनो, यहुदी लोक शोमरोनी लोकांची भांडी वापरत नसत, तरी येशूने विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे पाणी मागितले. वेगळा कप ठेवणाऱ्या घराच्या भिंतीवर त्याच येशूची तसबीर असावी, हे शोभते का?

पैशाचेही तसेच. दिवस मावळण्यापूर्वी मजुराला त्याची मजुरी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे अनुवादाच्या पुस्तकात नियमशास्त्र सांगते. ‘सुट्टे नाहीत, उद्या या’ हे आपल्याला सहज वाटते. त्याला मात्र त्या दोनशे रुपयांसाठी पुन्हा पेट्रोल जाळावे लागते. दर आधी विचारून घ्यावा, पटत नसेल तर आधीच सांगावे. काम झाल्यावर घासाघीस करू नये. कंपनीकडून आलेल्या मुलाच्या कामाबद्दल फोनवर विचारणा होते, तेव्हा रागाच्या भरात दिलेला एक शेरा त्याच्या पोटावर येऊ शकतो. तक्रार खरी असेल तर जरूर करावी, पण ती आधी त्याच्या तोंडावर सांगावी.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. वायरमन मेन स्विच बंद करून काम करत असतो आणि घरातले कोणीतरी ‘लाईट का गेली?’ म्हणत तो पुन्हा चालू करते. काम चालू असल्याचे घरातल्या प्रत्येकाला सांगणे आणि स्विचपाशी लक्ष ठेवणे, हेही सौजन्यच आहे. अशा वेळी बेफिकिरी म्हणजे दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या घासाशी खेळ.

आता माझ्या कारागीर बांधवांनो, तुमच्याशी. ‘दहाला येतो’ म्हटले तर दहाला जा. जमत नसेल तर एक फोन करा. तुमच्यासाठी कोणीतरी अर्धा दिवस रजा काढून बसलेले असते. फोन बंद करून ठेवणे म्हणजे तो दिवस त्याच्याकडून काढून घेणे होय. पंपाच्या मोटारीचा कॅपॅसिटर बदलून भागणार असेल, तर मोटार जळाली असे सांगू नका. गिऱ्हाइकाला आतले काही कळत नाही. म्हणूनच तो तुमच्या शब्दावर विसंबतो. त्याचे अज्ञान ही तुमची कमाई होऊ देऊ नका. काढलेला जुना भाग त्याच्या हातात द्या. वायरचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा गोळा करून जा. घरात एकटी बाई किंवा म्हातारी माणसे असतील, तर नजर आणि जीभ जपा. तुम्हाला लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत, कधी देव्हाऱ्यापर्यंत प्रवेश मिळतो. तिथे दिसलेले दारिद्र्य, आजारपण, भांडण बाहेर बोलू नका.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, हे आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांतले फ्रीज, मिक्सर, मोटारी चिखलाने भरलेल्या होत्या. अशा दिवसांत वीज जोडणारा आणि यंत्र उघडून सुकवणारा माणूस घरच्या माणसासारखा वाटतो. मग पूर नसताना तोच परका का व्हावा?

मिस्सेत आपण शेजाऱ्याला शांती देतो. ती शांती चर्चच्या दारापाशी संपू नये. या आठवड्यात तुमच्या घरी कोणी कामाला येईल, किंवा तुम्ही कोणाच्या घरी कामाला जाल. दार उघडताना आणि दारातून आत जाताना, मनातल्या मनात समोरच्या माणसासाठी शांती मागा. मग पाणी, खरा शब्द आणि वेळेवर दिलेली मजुरी आपोआप हातून घडेल.

सुतार योसेफाच्या घरी वाढलेला प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या हातांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू