बुद्धीचें माप

बुद्धि म्हणजे काय व ती कोणाच्या वाट्यास किती आली, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. खेड्यांतील शिक्षक एखाद्या मुलाविषयीं "ह्याला डोकें नाहीं" असें म्हणतो, तेव्हां तो ह्याच प्रश्नाचें उत्तर देत असतो. आणि त्या उत्तरावर एका मुलाचें आयुष्य अवलंबून राहतें. म्हणून ह्याविषयींच्या कल्पना कसकशा पालटत गेल्या, हें वाचकांनीं आमच्याबरोबर पाहावें, अशी विनंती आहे.

पूर्वीं आपल्या देशांत बुद्धि जन्माबरोबर येते, आणि अमुक जातींस व स्त्रियांस ती नाहीं, असा दृढ समज होता. ज्यांस शाळेचें दार बंद, त्यांसच अडाणी म्हणून हिणवावें, असा हा न्याय! सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८४८ सालीं पुण्यास मुलींस शिकवूं लागल्या. फुले दांपत्याच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापून आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत भीमराव आंबेडकर ह्यांचें नांव दाखल झालें. १९१९ सालीं कराडजवळील काले येथें भाऊराव पाटील ह्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. दार उघडतांच बुद्धि दिसूं लागली; ती आधींपासून तेथें होतीच.

युरोपांतही हाच समज शास्त्राचा पोषाख घालून आला. इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन ह्यांनीं १८६९ सालीं ग्रंथ लिहून थोर बुद्धि वंशपरंपरेनें येते, असें प्रतिपादिलें. पुढें १९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों ह्यांनीं मुलांस विचारावयाच्या प्रश्नांची मालिका रचिली. शाळेंत कोणास अधिक साहाय्य लागेल, हें ओळखणें हा तिचा हेतु. बुद्धि शिक्षणानें वाढते, असें बिने मानीत. परंतु १९१२ सालीं जर्मनींत विल्यम स्टर्न ह्यांनीं बुद्ध्यंकाची कल्पना मांडिली, आणि हळूहळू साहाय्याच्या खुणेचा कलंक झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तर १९२७ सालीं 'मंदबुद्धि' ठरविलेल्या एका तरुणीस वंध्य करण्याचा हुकूम कायम केला.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनीं ही परीक्षा मराठी व कानडी मुलांसाठीं बेतली, व १९४० सालीं त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रश्न मुलाच्या भाषेस व राहणीस धरून बदलावे लागतात, ह्यावरूनच कळतें कीं, बुद्धीबरोबर परिचयही मापला जातो. १९८४ सालीं जेम्स फ्लिन ह्यांनीं दाखविलें कीं, अमेरिकेंत ह्या परीक्षांतील गुण पिढीगणिक वाढत आले होते. इतक्या थोड्या काळांत लोकांचें रक्त बदलत नाहीं. शाळा, अन्न, आरोग्य व राहणी बदलते.

मग सर्वांची बुद्धि सारखीच काय? असें आम्ही म्हणत नाहीं. मुलामुलांत भेद आहेत, व त्यांत आनुवंशिकतेचाही भाग आहे, हें आजचें शास्त्र मानितें. परंतु भेद आहे हें म्हणणें वेगळें, आणि अमुक मूल शिकूंच शकणार नाहीं असा निकाल देणें वेगळें. पहिलें निरीक्षण होय. दुसरा अधिकार आपणांस कोणीं दिला?

सांगली-साताऱ्याच्या फडांत हंगामापुरतीं येणारीं ऊसतोड कुटुंबांचीं मुलें पाहा. कित्येकांची शाळा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बुडते. वाढ्यांच्या पेंढ्यांचा हिशेब तोंडीं चोख सांगणारी मुलगी फळ्यावरील बेरजेपुढें गप्प बसते. तिच्या बुद्धीचा निकाल देण्याआधीं तिचे बुडालेले महिने मोजावे. ज्या गांवाच्या शिवारांत तिची कोप उभी आहे, तेथील शिक्षकांनीं व वडीलधाऱ्यांनीं तिला ह्या हंगामांत वर्गांत बसवून घ्यावें. तिची बुद्धि किती, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेविला तरी चालेल. तिची पाटी कोरी राहतां कामा नये.