पर्जन्याला पक्षपात आहे का?

माउली, पालखीबरोबर दिवेघाट चढताना अंगावर सरी येत असतात आणि मन मात्र गावाकडच्या पेरणीत असते. विसाव्याला घरी फोन लावला की पहिला प्रश्न एकच, ‘पाऊस झाला का?’ पलीकडून उत्तर येते, ‘अजून ढेकूळसुद्धा भिजलं नाही.’ मग प्रश्न पडतो. पांडुरंग सर्वांचा मायबाप, तर त्याचा पाऊस सर्वांना सारखा का नाही?

प्रश्न जुना आहे. ईश्वर पक्षपाती आहे, हा आरोप खोडताना श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पर्जन्याचाच दृष्टांत दिला आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच. भेद पडतो तो बीजामुळे. तसा ईश्वर सर्वांना समान; भेद पडतो तो ज्याच्या त्याच्या कर्मामुळे. पण आपल्यातला शेतकरी विचारील, ‘महाराज, पाऊस तरी सारखा कुठे पडतो? लोणावळ्याला वर्षाकाठी 4000 मिलिमीटरहून अधिक, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यात 500-600 च्या आसपास. मग आमचे कर्मच खोटे म्हणायचे का?’

उत्तर देण्याआधी पाऊस कसा पडतो ते पाहू. उन्हाने अरबी समुद्राचे पाणी तापते आणि त्याची वाफ होते. मीठ खालीच राहते, गोडे पाणी तेवढे वर जाते. नैर्ऋत्येचे वारे ही वाफ घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकतात. पुढे वाट नाही, म्हणून हवा डोंगर चढू लागते. वर दाब कमी असल्याने ती फुगते आणि थंड होते; कोरडी हवा तर दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी निवते. थंड हवेत वाफ मावत नाही. ती धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांना धरून थेंब होते. ढग भरतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते, ढग विरतात, आणि पूर्वेकडच्या शिवाराला उरते ते थोडेच.

यात कोणाचे पाप-पुण्य मोजलेले दिसते का? लोणावळ्याच्या कातळाने काय पुण्य केले आणि माणदेशच्या ज्वारीने काय पाप? सूर्य, समुद्र, वारा, डोंगर, सारे एकाच नियमाने चालतात. तो नियम राजासाठी बदलत नाही आणि रंकासाठीही नाही. ईश्वराचे समत्व त्या नियमात पाहावे. थेंब मोजून नव्हे. म्हणून दुष्काळातल्या माणसाला ‘तुझ्या कर्माची फळे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसे म्हटले की आपले हात मोकळे होतात, त्याचे दुःख मात्र तसेच राहते.

आणखी एक पाहा. जो डोंगर पाऊस अडवतो, तोच पाणी पुढे धाडतो. लोणावळ्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी देहू-आळंदीला भेटून तुळापूरला भीमेत मिळते. तेच पाणी उजनीतून पंढरीला चंद्रभागा होते, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला पोचते आणि तिथून पुन्हा आभाळात जाते. म्हणजे आळंदीहून पंढरीला आपण एकटेच चालत नाही.

पण या वाटेवर निसर्गानंतर माणूस येतो. धरणाचे दार कधी उघडायचे, बोअर किती खोल न्यायची, उसाला किती पाजायचे आणि शेजारच्या वस्तीवर हंड्याची रांग लागली तर काय करायचे, हे डोंगर ठरवत नाही. आपण ठरवतो. पक्षपात शोधायचा तर इथे शोधावा.

संतांनी हेच केले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी लोकांना ‘हे कोणाचे कर्म’ असे विचारले नाही. बादशहाची कोठारे उघडली, जिवावर बेतेल हे ठाऊक असून. तुकोबारायांच्या घरात 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने पत्नी आणि मुलगा नेला. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांच्याकडे येणे होते तेही त्याच दुष्काळातले होते.

तेव्हा माउली, यंदा चंद्रभागेत उतराल तेव्हा ओंजळीतले पाणी किती लांबून आले आहे ते आठवा. त्यात पत्रावळ, पिशवी, जुने वस्त्र टाकू नका. खालच्या गावाला तेच प्यायचे आहे. पाऊस मागा, जरूर मागा. लेकराने आईकडे मागायचे नाही तर कोणाकडे? पण घरी परतल्यावर एकदा आपल्या विहिरीपाशी उभे राहा. बांधापलीकडे कोण तहानलेले आहे, ते पाहा. त्याच्यासाठी मोटार तासभर चालवता आली तर चालवा.

रामकृष्णहरी.