अनुसरण कोणाचे?

श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसे इतर लोक वागतात, असे श्रीकृष्णभगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनास सांगितले आहे. पुढाऱ्याची जबाबदारी त्यावरून स्पष्ट होते. तथापि आपल्या मार्गात याहून सूक्ष्म असा एक प्रश्न उरतो. जीव आचार्यामागे चालू लागतो, तेव्हा तो अनुसरतो कोणास?

वेध, बोध आणि अनुसरण हा क्रम आपणा सर्वांस परिचित आहे. सन्निधानी सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या दर्शनमात्रे जीवांस वेध होत असे. असन्निधानी आचार्याच्या ठायी ती वेधशक्ती नाही. कारण आचार्य हाही जीवच होय. मग सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर भक्तजन श्रीनागदेवाचार्यांभोवती कशाच्या बळावर एकत्र राहिले?

स्मृतिस्थळात याचे उत्तर सापडते. विद्वान शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता भटोबासांनी, आपणास सर्वज्ञांनी मराठीतच निरूपण केले, तेव्हा त्याच भाषेत पुसावे, असे म्हटले. केशिराजबासांस संस्कृत रचनेपासून परावृत्त करताना, आपल्या म्हाताऱ्या यामुळे वंचित होतील, ही चिंता त्यांनी बोलून दाखविली. या प्रसंगांत भाषाभिमान तेवढा पाहणे अपुरे आहे. शास्त्र दुर्बोध राहिले तर सामान्य साधकास आचार्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. ते मराठीत राहिले म्हणजे अक्षरशून्य म्हातारीही ऐकून ते ध्यानी धरते, आणि आचार्याचे वर्तन त्याच मापाने मोजू शकते. भटोबासांनी म्हाताऱ्यांच्या हाती स्वतःस जोखण्याचे माप दिले. ज्यास अनुयायांवर सत्ता हवी असते, तो असे माप देत नाही.

इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेले लीळाचरित्रही याचीच साक्ष देते. भटोबासांच्या आठवणी त्यात मोलाच्या आहेत. परंतु इतर भक्तांनी जे पाहिले, ऐकले, तेही म्हाइंभटांनी त्यांच्याकडून मिळविले. सर्वज्ञांची स्मृती ही एकट्या आचार्याची मिरास ठरली नाही.

यावर कोणी म्हणेल की, व्यक्तीच्या प्रभावावाचून माणसे एकत्र येत नाहीत. हे खरे आहे. भटोबासांवरही भक्तांचा जिव्हाळा होता. जिव्हाळा दोषास्पद नाही. मात्र तो कोठे पोहोचवितो हे पाहिले पाहिजे. याची कसोटी आचार्याच्या अनुपस्थितीत लागते. आचार्य दूर असता साधकाचे नामस्मरण, भिक्षा, अटन, विजन अखंड चालत असेल, तर अनुसरण परमेश्वराचे झाले. आचार्य दृष्टिआड होताच आचार शिथिल होत असेल, तर ती व्यक्तीची आसक्ती होती, असेच म्हणावे लागेल.

आज आपले आश्रम वाढले आहेत, उपदेशी मंडळीही वाढली आहे. अशा वेळी 'अमुक महंतांचे शिष्य किती' ही विचारणा सहज होते. ती विचारणाऱ्यापेक्षा तिने सुखावणाऱ्यास अधिक घातक आहे. शिष्यास 'माझा' म्हणताच आचार्य त्याच्या आणि परमेश्वराच्या मध्ये उभा राहतो. मग कितीही गोड निरूपण केले तरी वाट अडलेलीच राहते. वासनिकांनीही श्रद्धा ठेवावी, पण माप हातचे सोडू नये. वचन आणि आचार यांत अंतर दिसल्यास नम्रतेने पुसावे. पुसणारा आचार्याचा अवमान करीत नाही. भटोबासांनी मराठीत जपलेल्या वचनांचा तो उपयोग करतो. त्या प्रश्नाने जो आचार्य रुष्ट होत नाही, त्याच्यामागे जाण्यात जीवाचे हित आहे.

दंडवत प्रणाम.