मोटारीचा कांटा व सत्यनिष्ठा

मनुष्याचा व्यवहार जितका शब्दावर उभा आहे, तितकाच तो मापावर उभा आहे. दिलेला शब्द मोडणारा एका माणसास फसवितो. खोटें माप बाळगणारा मात्र जो जो त्याच्या दारीं येईल त्या प्रत्येकास फसवितो, आणि तेंहि तोंडानें एक अक्षर न बोलतां. म्हणून खोट्या तराजूला आमच्या धर्मशास्त्रांनीं दंड सांगितला आहे, आणि आजचे कायदेहि त्याला क्षमा करीत नाहींत. मग जें माप एका बाजूला बरेंच चुकलें तरी कायद्याला चालतें, पण दुसऱ्या बाजूला केसभर चुकलें तरी चालत नाहीं, त्याविषयीं नीतिशास्त्रानें काय म्हणावें? असें एक माप आज लक्षावधि लोकांच्या डोळ्यांसमोर रोज हालत असतें, आणि त्यावर नजर ठेवणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस हा प्रश्न सुचतो.

मोटारीचा वेग दाखविणारी जी तबकडी चालकासमोर असते, तिला 'स्पीडोमीटर' हें नांव आतां घरोघर रूढ झालें आहे; आम्ही या लेखापुरतें तिला गतिमापक म्हणूं. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं गाडीला गतिमापक असणें आवश्यक केलें आहे. या यंत्राच्या खरेपणाविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ वा नियम प्रसिद्ध असून अनेक देशांनीं तो स्वीकारला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, कांट्यानें दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कधींहि कमी असतां कामा नये; मात्र तो अधिक असला तर चालेल. किती अधिक? खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि त्यावर ताशीं ४ किलोमीटर, इतका. म्हणजे गाडी खरोखर ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां कांट्यानें ७० दाखविले, अथवा ८० नें धांवत असतां ९२ दाखविले, तरी ती नियमांत बसते. परंतु ८० नें धांवत असतां ७९ दाखविले, तर ती नियमाबाहेर गेली. प्रत्यक्षांत बहुतेक गाड्यांची चूक या मर्यादेच्या पुष्कळ आंत असते; पण चुकीची दिशा ठरलेली असते, आणि आमच्या प्रश्नाचें मूळ त्या दिशेंतच आहे.

ही चूक होते तरी कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९०२ सालीं ओटो शुल्ट्झ या जर्मन अभियंत्यानें ज्या गतिमापकाचें पेटंट घेतलें, त्यांत चाकाच्या गतीनें एक लोहचुंबक फिरे. त्याच्या भोंवतालच्या धातूच्या वाटीत त्यायोगें विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती वाटी ओढली जाई, आणि एक नाजूक कमान तिला जेथें अडवी तेथें कांटा थांबे. आजच्या गाड्यांत ही कमान जाऊन विजेचे स्पंद मोजणारी योजना आली आहे. परंतु एक गोष्ट तेव्हांहि होती आणि आजहि आहे. हें यंत्र रस्ता मोजीत नाहीं. तें चाकाचे फेरे मोजतें, आणि एका फेऱ्यांत किती रस्ता कापला जातो हें आधींच गृहीत धरतें. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा टायर झिजून त्याची जाडी ६ मिलिमीटरनें कमी झाली, तर व्यास १२ मिलिमीटरनें, म्हणजे शेंकडा दोननें घटतो. चाक तितकेंच अधिक फिरतें आणि कांटा तितकाच पुढें जातो. शिवाय हजारों यंत्रांत एक यंत्र दुसऱ्यासारखें तंतोतंत होत नाहीं. तेव्हां कारखानदारानें बरोबर शून्यावर नेम धरला, तर कांहीं कांटे पुढें आणि कांहीं मागें पडणारच; आणि मागें पडणाऱ्यांस तर नियमाची सक्त मनाई. म्हणून तो मुळांतच नेम जरा पुढें धरतो.

आपला कांटा किती पुढें आहे हें पाहण्यास कोणत्याहि प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या कळंबहून येरमाळ्याकडे जाणारा रस्ता पुरेसा आहे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला आणि पुढें मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, तरी लोकांच्या तोंडीं ते 'मैलाचे दगड'च राहिले आहेत. सकाळच्या वेळीं वर्दळ, वळण व चढ कमी असलेला भाग निवडावा, कांटा ६० वर स्थिर ठेवावा, आणि शेजारीं बसलेल्या माणसानें घड्याळ हातीं घेऊन पांच दगडांचा काळ मोजावा. चालकानें हें काम करूं नये. कांटा खरा असेल तर पांच किलोमीटरांस ३०० सेकंद लागतील. ३२० लागले, तर १८,००० ला ३२० नें भागावें. खरा वेग सव्वाछपन्न निघतो, आणि कांटा पावणेचारनें पुढें आहे हें कळतें. एखादा दगड हाललेला असूं शकतो, म्हणून एकावर विसंबूं नये, आणि येतांना पुन्हा मोजावें. हल्लीं खिशांतला फोनहि उपग्रहांच्या आधारें हाच वेग सांगतो. उघड्या रस्त्यावर आणि स्थिर गतींत त्याचें उत्तर विश्वसनीय असतें, मात्र वेग वाढतां-उतरतां असतांना तो जरा मागें राहतो.

येथवर गणित झालें. आतां नीतीकडे वळूं. चालकाच्या हितासाठीं कां होईना, कांटा जर नेहमीं अधिकच वेग सांगत असेल, तर तें हितकर असत्यच नव्हे काय? प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक'मध्यें राज्यकर्त्यांस औषधासारखें असत्य वापरण्याची मुभा दिली. उलट कांटनें १७९७ सालच्या आपल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, मारेकऱ्यापासून मित्रास वांचविण्यासाठींहि असत्य बोलण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं. लोकमान्यांनीं 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासा-प्रकरणांत सत्याच्या अपवादांचा जो ऊहापोह केला आहे, तो वाचकांस परिचित आहेच. या वादांत गतिमापकास ओढलें, तर प्लेटोचा पक्ष त्याला निर्दोष ठरवील आणि कांटचा पक्ष दोषी. आमच्या मतें दोन्ही पक्ष येथें लागू पडत नाहींत.

प्लेटोचा पक्ष कां लागू पडत नाहीं हें पाहण्यास आपल्या घरांतलें घड्याळ पुरे आहे. पुष्कळ कुटुंबांत भिंतीवरचें घड्याळ मुद्दाम दहा मिनिटें पुढें ठेवितात, हेतु हा कीं मुलांची शाळा व वडिलांची गाडी चुकूं नये. पहिला आठवडा हें औषध लागू पडतें. पुढें घरांतील लहान मूलहि दहा मिनिटें वजा करून मगच अंथरुणांतून उठतें. औषधरूपी असत्य हें रोग्याला ठाऊक नसेपर्यंतच औषध असतें. गतिमापकाची गोष्ट जर केवळ चालकास भिवविण्याची असती, तर ज्यानें दगड मोजून चूक काढली त्याच्यापुरता तिचा उपयोग त्याच दिवशीं संपला असता.

कांटचा पक्ष लागू न पडण्याचें कारण अधिक खोल आहे. असत्य म्हणजे जें ठाऊक आहे त्याच्या उलट सांगणें. परंतु कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडीचा टायर कधीं, किती झिजेल, त्यांत हवा किती राहील, पुढचा मालक कोणतें चाक बसवील, हें यंत्र करणाऱ्यास ठाऊकच नसतें. येथें सत्य आणि असत्य यांतून एक निवडावयाचें नाहीं. चूक अटळ आहे. निवडावयाचें आहे तें इतकेंच कीं, ही अटळ चूक कोणाच्या अंगावर पडावी? आमच्या मतें प्रत्येक मापाची नीतिमत्ता याच एका प्रश्नानें पारखली पाहिजे.

या कसोटीवर जुनीं मापें लावून पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत एकाच 'द्रोण' नांवाचीं चार मापें सांगितलीं आहेत. राजाचें उत्पन्न मोजण्याचें माप २०० पलांचें, व्यापाराचें १८७॥ पलांचें, वेतनादि देण्याचें १७५ पलांचें आणि अंतःपुराचें १६२॥ पलांचें. राजा घेतो तेव्हां माप मोठें होतें आणि देतो तेव्हां लहान. हा भेद लपविलेला नाहीं, ग्रंथांत उघड लिहिला आहे, म्हणून त्यास फसवणूक म्हणतां येत नाहीं. शिवाय दर चार महिन्यांनीं मापें तपासून घेण्याचा दंडकहि त्याच ग्रंथांत आहे. तथापि फरकाचा भार ज्याच्या हातीं माप त्याच्यावर न पडतां दुसऱ्यावर पडतो, हें कोणासहि दिसेल. धान्याच्या व्यवहारांत ओलाव्याच्या, मातीच्या वा पोत्याच्या नांवानें जो 'कडता' कापीत, त्याचेंहि तत्त्व हेंच. धान्यांत माती थोडीबहुत असते, हें खरें. पण ती नक्की किती याची शंका नेहमीं शेतकऱ्याच्याच पदरीं बांधली जाई. याच्या उलट, पायलीनें घालतांना शेवटीं जो मूठभर दाणा वर टाकतो, त्याला हें शास्त्र शिकविण्याची गरज नाहीं. आपल्या मापांत चूक असेल तर ती आपल्याकडून जावी, घेणाऱ्याकडून नव्हे, इतकें त्याला कळलेलें असतें.

धर्मराजाचा रथ भूमीपासून चार बोटें वर चाले आणि अश्वत्थाम्याविषयींच्या त्या अर्धसत्यानंतर तो जमिनीला टेकला, ही महाभारतांतील कथा या दृष्टीनें पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्याच्या शब्दांत अक्षरशः खोटें असें कांहीं नव्हतें. परंतु त्यांत जी संदिग्धता होती, तिचा सगळा भार ज्यानें विश्वास टाकला त्या द्रोणावर पडला. द्रोणानें दुसऱ्या कोणास न विचारतां युधिष्ठिरास विचारलें, कारण तो त्याच्या लेखीं सत्याचें प्रमाणित माप होता. मापानें संदिग्ध व्हावें आणि विश्वासणाऱ्यानें मरावें, हा तो अपराध.

आतां गतिमापकाचा हिशेब मांडूं. कांटा पुढें असला आणि चालकानें त्याचें ऐकलें, तर त्याचें काय जातें? वीस किलोमीटरांच्या प्रवासांत, ६० ऐवजीं सव्वाछपन्ननें गेल्यामुळें, सुमारें सव्वा मिनिट. कांटा मागें असला तर? वेग दहावा हिस्सा वाढला कीं आघाताची शक्ति शेंकडा २१ नें वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. आणि तो आघात बहुधा जो कांट्याकडे पाहत नव्हता त्यालाच भोगावा लागतो. एका पारड्यांत चालकाचें सव्वा मिनिट आणि दुसऱ्यांत परक्याचा जीव, अशी ही तुलना आहे. ज्याच्या हातीं यंत्र आहे त्यानें थोडें सोसावें म्हणजे ज्याच्या हातीं कांहींच नाहीं तो वांचेल, अशी ही चुकीची वांटणी आहे. तिची दिशा व मर्यादा नियमांत जाहीर आहे. म्हणून तिला आम्ही असत्य न म्हणतां न्याय म्हणतों.

परंतु ज्यानें कांटा तपासला त्याची परीक्षा येथूनच सुरू होते. "माझा कांटा चारनें पुढें आहे, तेव्हां ८० च्या जागीं ८४ दाखविले तरी मी कायद्यांत आहें," असें तो म्हणूं लागतो. तर्क बिनचूक आहे. कायदा गाडीच्या गतीस लागू आहे, कांट्यास नव्हे. तरीहि त्यानें एक गोष्ट विसरूं नये. हे चार किलोमीटर त्याच्या मालकीचे नव्हते. ते रस्त्यावरील इतरांकरितां बाजूस ठेवलेले होते. ऊंस गळिताच्या दिवसांत पहांटे याच रस्त्यांवरून मागें दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या जातात. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येडेश्वरीच्या यात्रेस जाणारीं बायकामुलें कडेनें चालतात. ती बाजूस ठेवलेली शिल्लक त्यांची. ती सांपडली म्हणून खर्च करणारा मनुष्य चोर नव्हे; पण दुसऱ्याची ठेव आपल्या हिशेबांत जमा धरणारा तो खास आहे. शिवाय नवा टायर बसला, कीं तीच शिल्लक निम्मी होते, आणि सवय मात्र पूर्वींचीच राहते.

मग तपासावें तरी कशाला? कारण चूक नेहमीं सुरक्षित बाजूसच राहील, याची हमी कोणी देत नाहीं. शोभेखातर मूळच्याहून शेंकडा पांचनें मोठें चाक बसविलें, कीं पूर्वीं बरोबर असलेला कांटा ८० दाखवीत असतां गाडी ८४ नें धांवते, आणि कारखान्यानें राखलेली शिल्लक मालकाला न कळतां संपते. अशा वेळीं मूळच्या मापाचीं चाकें पुन्हा बसविणें, किंवा जाणत्या कारागिराकडून नव्या चाकाचें माप यंत्रांत भरून घेणें, हें कर्तव्य होय. त्याच तबकडींतील अंतर मोजणारे आंकडे हा निराळा विषय आहे. तेथें पुढें चालण्यानें कोणाचा जीव वांचत नाहीं, म्हणून तेथें केवळ खरेपणाच हवा. आणि जुनी गाडी विकतांना ते आंकडे मागें फिरविणें ही तर उघड लबाडी आहे, कारण तेथें चुकीचा सारा भार अजाण गिऱ्हाइकावर पडतो.

तात्पर्य, पूर्ण अचूक असें माप मनुष्याच्या हातीं कधींच नसतें. न्यायाधीशाचा निर्णय, परीक्षकाचे गुण, शेजाऱ्याविषयीं आपण बांधलेलें मत, हीं सारीं चुकणारींच मापें आहेत. सत्यनिष्ठ मनुष्यानें आपलें माप वारंवार तपासावें. आणि तपासूनहि जी चूक उरेल, ती दुबळ्याच्या अंगावर न पडतां आपल्या अंगावर पडेल अशा बाजूस कांटा ठेवावा. त्यांत त्याचीं कांहीं मिनिटें जातील. तीं जाऊं द्यावीं.