हेरांच्या नायिका

गेल्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर आमच्या इस्लापूरच्या घरी मुलांनी टीव्हीवर 'राझी' लावला. चित्रपट संपला तशी माझी नात म्हणाली, "आबा, तुमच्या आत्यांची गोष्टही अशीच ना? त्यांचंही त्या निरोप घेणाऱ्या माणसावर प्रेम होतं ना?" मी मान डोलावली. पुढे रात्रभर मला झोप लागली नाही, कारण ते खोटे होते. आणि त्या मुलीला ते सांगितले होते मीच.

हेरकथांवरून चित्रपट काढणारे हेच करतात, असे मी आजवर मोठ्या तोऱ्याने म्हणत आलो आहे. जॉन बखनची 'थर्टी-नाइन स्टेप्स' ही कादंबरी १९१५ सालची. तिच्यात प्रेमाला जागाच नाही. नायक एकटा पळतो, एकटा लपतो. १९३५ साली हिचकॉकने तिचा चित्रपट केला, तेव्हा नायकाच्या हाताला बेडीने एक तरुणी जखडून दिली. शेवटी बेडी नुसतीच लोंबत राहते आणि दोघांचे हात आपखुशीने एकमेकांत गुंफले जातात. इयान फ्लेमिंगच्या 'मूनरेकर'ची (१९५५) गत याहून वाईट. कादंबरीतली गाला ब्रँड पोलीस खात्यातली बाई. ती बाँडच्या बरोबरीने जीव धोक्यात घालते, आणि काम संपल्यावर, आपले लग्न दुसऱ्याशी ठरले आहे, असे त्याला सांगते. बाँड एकटाच निघून जातो. १९७९ च्या चित्रपटात ही बाई मुळी नाहीच! तिच्या जागी दुसरी आली, आणि तिने नकार दिला नाही.

वाचक म्हणतील, यात बिघडले काय? तिकीट काढून आलेल्या माणसाला थोडा गोडवा नको काय? हवा ना! दिवाळीच्या ताटात कारल्याची भाजी कोणी वाढत नाही. शिवाय केलेला प्रत्येक बदल म्हणजे पाप, असेही नाही. 'राझी'चेच पाहा. हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' (२००८) या कादंबरीत सेहमतचे दिल्लीत कॉलेजात असताना एका तरुणावर प्रेम असते. ते मागे ठेवून ती १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी घरात सून म्हणून जाते. मेघना गुलजार यांनी २०१८ च्या चित्रपटात तो तरुण गाळला. मग सेहमतच्या मनाला जागा उरली ती एकच, ज्याला ती फसवते आहे तो नवरा. तो सज्जन आहे, तिला जपतो आहे. ती त्याच्यावर खरेच प्रेम करू लागते आणि तरीही त्याचा घात करते. हा बदल गोड नाही. त्याने तिच्या कृत्याचे ओझे वाढले, आणि ते तिच्याच शिरावर राहिले.

म्हणजे प्रश्न गोष्ट बदलली की नाही, हा नव्हे. बदलानंतर त्या बाईचे काम तिचे राहिले की दुसऱ्या कोणाचे झाले, हा आहे. 'राझी'त ते तिचे राहिले. 'मूनरेकर'मध्ये ते बाँडच्या बक्षिसापायी गेले.

आता माझा गुन्हा. १९४८ च्या उन्हाळ्यात आमची आत्या सतरा वर्षांची होती. इकडे निजामाचे राज्य, पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, आणि तिथे सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या. पाणी ओसरले की आत्या भाकरीच्या गाठोड्यात चिठ्ठ्या घालून नदी उतरून जाई. पलीकडे एक तरुण त्या घेई. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, आणि त्या तरुणाच्या घरून आत्याला मागणी आली. तिने ती नाकारली. पुढे तिने दुसरीकडे संसार केला, आणि तो सुखाचा केला. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली होती, "तो मला नदीच्या उतारासारखा होता रे. उतार कामाचा असतो. त्याच्याशी कोण लगीन लावतं? मी चिठ्ठ्या नेल्या त्या राज्य जावं म्हणून."

हे मी ऐकले होते, आणि तरीही मुलांना सांगताना त्यात एक अधुरे प्रेम घातले. का? नुसती राजकारणासाठी नदी ओलांडणारी सतरा वर्षांची पोर मलाच पटत नव्हती. तिच्या धाडसाला कारण म्हणून मला एक पुरुष लागला. त्याच छावणीतल्या तरुणाने धाडस कोणासाठी केले, हे मात्र मी कधी विचारले नाही. देशासाठी, हे गृहीतच होते. आत्या आज नाही. बाँडच्या कादंबरीतली बाई निदान पुस्तकात तरी शाबूत आहे. आत्याची गोष्ट फक्त आमच्या तोंडी आहे. आम्ही बिघडवली, की ती बिघडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला अंगणात बसवून मी सगळे खरे सांगितले. ती हिरमुसली. "मग गोष्ट संपते कशी, आबा?"

"चिठ्ठी देऊन ती नदी ओलांडून परत येते, आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून लगेच चुलीपुढे बसते."

पोर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते?"

"पुन्हा जाते," मी म्हणालो.